दोन शनिवार आणि शंभर चिंचोके: विज्ञान शिक्षकांसाठी आधुनिक भौतिकशास्त्राची कार्यशाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ठाणे परिसरातल्या आठवी ते दहावीच्या विज्ञान शिक्षकांसाठी आधुनिक भौतिकशास्त्राची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. तीस-पस्तीस शिक्षक येतील, निम्म्याहून जास्त मराठी माध्यमाचे. मागच्या वेळी एका मोठ्या शास्त्रज्ञांची व्याख्यानं ठेवली होती, पण जेवणानंतर निम्मं सभागृह रिकामं झालं. या वेळी काय करावं, कोणाला बोलवावं, खर्च किती येईल?’

सर, सभागृह रिकामं झालं याचं फार वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या कार्यशाळेत पाच वाजेपर्यंत एकही खुर्ची हलली नव्हती आणि मी घरी येऊन फुशारकी मारली होती. नंतर कळलं, प्रमाणपत्रं शेवटी वाटणार असं आमच्यातल्या कोणीतरी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं.

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गेली पंधराएक वर्षं आम्ही तिघंचौघं ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात शाळेतल्या शिक्षकांबरोबर हे उद्योग करतो. त्यातून जे पक्कं कळलं ते आधी सांगते, मग सामानाकडे वळते. माहितीची आता कोणालाच टंचाई नाही. कृष्णविवरापासून हिग्ज बोसॉनपर्यंत सगळं मोबाइलवर येऊन पडतं. बहुतेक शिक्षकांनी कधीच केलेलं नसतं ते एवढंच: या विषयातला एखादा आकडा स्वतःच्या हाताने मोजणं, आणि तो चुकीचा आला तरी तसाच फळ्यावर लिहिणं. आपण सगळे ‘उत्तर आणायला’ शिकलो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला गुरुत्वत्वरण ९.८ आलं नाही की शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकवायचं, मागून पुढे गणित करून रीडिंग बसवायचं. तिथे ते चालून गेलं. पण आधुनिक भौतिकशास्त्र उभंच आहे विखुरलेल्या नोंदींवर. एखादा अणू कधी फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, अब्जावधी अणूंचं मात्र चोख सांगता येतं. रीडिंग जुळवायची सवय असलेला माणूस इथे दारातच अडतो.

आता समोर कोण बसणार ते बघा. तुमच्या तीस-पस्तीस जणांत भौतिकशास्त्र घेऊन पदवी घेतलेले फार तर आठ-दहा. बाकीचे रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. विज्ञान भाग एक वाट्याला आला म्हणून शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. ‘आधुनिक भौतिकशास्त्र’ हे शब्द पत्रकात वाचले की त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण त्यांना वाटतं आता कोणीतरी श्रोडिंजरचं समीकरण सोडवायला लावणार. तेव्हा पत्रकात विषयाच्या नावाखाली धड्यांची नावं छापा. आठवीचा ‘अणूचे अंतरंग’, आठवीचाच ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, दहावी भाग दोनमधला ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’. हे धडे त्यांना सोमवारी वर्गात शिकवायचे असतात. तिथून सुरुवात केली तर माणूस आत येतो.

सलग दोन दिवस ठेवू नका. दोन शनिवार घ्या, मध्ये सहा आठवडे सोडा. पहिल्या शनिवारी शिकलेलं वर्गात करून बघायला वेळ मिळतो, आणि दुसऱ्या शनिवारी माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत. महिना दिवाळीच्या सुट्टीनंतरचा. जून-जुलै अजिबात नको, आणि याचं कारण निव्वळ प्रवेश आणि पाठ्यपुस्तकवाटप नाही. एका जुलैत आम्ही विद्युतदर्शी (विद्युतभार असला की याची पानं फाकतात) आणि जस्ताचा पत्रा घेऊन प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं, दाखवायला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. विद्युतदर्शीवर भार टिकेचना, दिवा लावायच्या आधीच पानं मिटत होती. हवाच इतकी ओली की सगळा भार गळून जायचा. त्यातून आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणली होती, ती तर कोरड्या हवेतही उपयोगाची नव्हती. त्या टॉर्चचा प्रकाश साधारण ३६५ नॅनोमीटरचा, म्हणजे एका फोटॉनची, प्रकाशाच्या एका पुंजाची, ऊर्जा ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.३ लागतात. रात्रभर टॉर्च धरली तरी एक इलेक्ट्रॉन हलणार नाही. वॉटर प्युरिफायरमधला २५४ नॅनोमीटरचा दिवा चालतो, पण तो उघडा ठेवला तर डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो. मी तो प्रयोग बंद केला.

त्याच्या जागी अंधारात चमकणारे चांदण्यांचे स्टिकर आणते, मुलांच्या खोलीत छताला लावतात ते. खोली काळोखी करायची, स्टिकरवर लाल एलईडी दोन मिनिटं धरायचा. काही होत नाही. चार लाल एलईडी धरा, तरी नाही. निळा एलईडी पाच सेकंद धरा, स्टिकर हिरवा पेटतो. प्रकाश कितीही वाढवला तरी लालचं चालत नाही आणि निळ्याचं थोडक्यात भागतं, हे डोळ्यांनी बघितलं की १९०५ साली आइनस्टाइनने प्रकाशाचे पुंज का मानले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. एक इशारा: पांढरा एलईडी वापरू नका. तो मुळात निळाच असतो, वर पिवळा लेप दिलेला. आणि कोणीतरी हमखास विचारेल, ‘मॅडम, हे रेडियम ना?’ आपल्याकडे नंबरप्लेटच्या दुकानावरसुद्धा ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी असते. या कशातही रेडियम नाही. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना खरंच रेडियमचा रंग लावत, त्याचं नाव तेवढं मागे राहिलं. हा प्रश्न उडवून लावू नका, पुढे कामाला येतो.

सकाळची पहिली गोष्ट मात्र गोट्या. ओळख, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक यांत एक तास घालवायची आपली पद्धत आहे. मी नऊ वाजता सगळ्यांना जमिनीवर बसवते. दोन मीटरपट्ट्या समोरासमोर ठेवून ६० सेंटिमीटर रुंदीची गल्ली करायची. गल्लीत आडव्या ओळीत सात गोट्या, प्रत्येक दोन गोट्यांत निदान दोन-तीन गोट्यांचं अंतर. त्यांच्या पुढे पुठ्ठ्याचा आडोसा, खालून गोटी जाईल एवढी फट ठेवून, म्हणजे टाकणाऱ्याला ओळ दिसणार नाही. आता नेम न धरता एकेक गोटी घरंगळवायची आणि किती लागल्या ते मोजायचं. दोनशे वेळा. यातून पट्टी न लावता गोटीचा व्यास काढायचा.

हिशोब असा. घरंगळणाऱ्या गोटीचं केंद्र समोरच्या गोटीच्या केंद्रापासून डावीकडे किंवा उजवीकडे एका व्यासाच्या आत आलं की टक्कर होते. म्हणजे प्रत्येक गोटी दोन व्यासांएवढी जागा अडवते. सात गोट्या चौदा व्यास अडवतात. ६० सेंटिमीटरपैकी जितका भाग अडला, तितक्या प्रमाणात गोट्या लागणार. समजा २०० पैकी ७५ लागल्या. ७५ गुणिले ६०, भागिले २०० गुणिले १४. उत्तर १.६ सेंटिमीटर. मग व्हर्नियर लावा. आपल्याकडची साधी गोटी तेवढीच भरते. वरच्या मजल्यावर पोरं खेळताहेत असं वाटून एकदा मुख्याध्यापक जिना चढून आले होते, तेही तासभर बसले.

यातली खरी गंमत आकड्यात नाही. आमच्याकडे दिवा गावाहून एक सर येत. त्यांच्या गटाचा व्यास प्रत्येक वेळी सव्वादोनच्या वर. शेवटी लक्षात आलं, ते लहानपणी गोट्यांचे पट्टीचे खेळाडू. आडोशाखालच्या फटीतूनही त्यांचा हात आपोआप नेम धरत होता. आम्ही त्यांना पाठमोरं बसवून गोट्या टाकायला लावल्या तेव्हा आकडा खाली आला. रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, ते का नेम धरून नव्हते आणि तरीही १९११ साली केंद्रक किती लहान हे रदरफर्डला का सांगता आलं, हे त्या सरांनी नंतर दुसऱ्या गटांना समजावलं. मी गप्प होते. पाठ्यपुस्तकात अल्फा कणांची आकृती असते, पण न दिसणाऱ्या वस्तूचं माप टकरा मोजून निघतं हे त्या आकृतीतून कळत नाही.

दुपारी एलईडी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान अडीच तास. उद्देश प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाची वारंवारता आणि फोटॉनची ऊर्जा यांना जोडणारा आकडा, मोजण्याचा. प्रत्येक गटाला लाल, पिवळा, हिरवा, निळा एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध, १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, एक मल्टिमीटर. एलईडीवर काळ्या कागदाची नळी करून लावायची, तीतून एका डोळ्याने बघत पोटेन्शिओमीटर हळूहळू फिरवायचा आणि पहिली ठिणगी दिसली की व्होल्टेज टिपायचं. इलेक्ट्रॉनचा भार गुणिले ते व्होल्टेज म्हणजे साधारण एका फोटॉनची ऊर्जा. तरंगलांबी माहीत असली की स्थिरांक निघतो.

आमच्या वहीतल्या एका गटाच्या नोंदी देते. लाल, ६३० नॅनोमीटर, १.६५ व्होल्ट. निळा, ४७० नॅनोमीटर, २.४ व्होल्ट. लालवरून उत्तर येतं ५.५, निळ्यावरून ६.०, आणि दोन्हींचा आलेख काढून त्याच्या चढावरून काढलं तर ७.४. एकक सगळीकडे जूल-सेकंद, गुणिले १० चा उणे ३४ वा घात. पुस्तकात ६.६३. हे तीन आकडे फळ्यावर लिहिल्यावर वर्गात जी कुजबुज होते, तिच्यासाठी मी हा प्रयोग ठेवते. एक बाई हळूच म्हणाल्या, ‘२.४ च्या जागी २.६ लिहू का? डोळ्यांना नीट दिसलं नसेल.’ लिहू नका म्हटलं. डोळ्याला ठिणगी कधी दिसते हे खोली किती काळोखी आहे त्यावर ठरतं, चष्म्यावर ठरतं, वयावर ठरतं. तरुण शिक्षकांना कमी व्होल्टेजला दिसते. मग सगळ्या गटांचे आकडे एका ओळीत मांडायचे आणि विचारायचं, यातून तुम्ही किती खात्रीने काय म्हणू शकता? दर वेळी तासभर वाद होतो. एवढं छातीठोक म्हणता येतं की आकडा त्याच घातातला आहे, ५ आणि ८ च्या मध्ये आहे. पाच-पाच रुपयांच्या दिव्यांवरून एवढं कळणं काही कमी नाही. २० मे २०१९ पासून याच स्थिरांकाची किंमत ६.६२६०७०१५ अशी कायमची ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या तिच्यावर बेतली आहे, हे त्यानंतर सांगितलं तर कान टवकारतात.

हिरव्याचा घोळ मुद्दाम लिहिते, कारण आम्ही दोन वर्षं त्यात फसलो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पिशवीत दोन जातींचे हिरवे एलईडी मिसळलेले असतात. जुन्या जातीचा पोपटीकडे झुकणारा, ५६५ नॅनोमीटरच्या आसपास. नव्या जातीचा गडद हिरवा, ५२५ च्या आसपास. दोन्हींना ‘ग्रीन’च म्हणतात आणि व्होल्टेज वेगळं येतं. दोन गट भांडत बसले, तुमचा मल्टिमीटर बिघडलाय म्हणून. उपाय सापडला तो घरातल्या अडगळीत. लग्नामुंजीच्या जुन्या सीडीज प्रत्येकाकडे पडून आहेत. सीडीच्या छापील बाजूवर कटरने ओरखडा काढून चिकटपट्टी लावून ओढली की चंदेरी थर निघून येतो आणि उरते पारदर्शक विवर्तन जाळी, प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या कोनांत वळवणारी, दोन रेघांत १.६ मायक्रोमीटर अंतर असलेली. ती डोळ्यासमोर धरून एक मीटरवर ठेवलेल्या एलईडीकडे बघायचं. एलईडीच्या बाजूला मीटरपट्टी आडवी. दिव्याची रंगीत प्रतिमा बाजूला सरकलेली दिसते. गडद हिरवा ३५ सेंटिमीटरवर, पोपटी ३८ च्या जवळ, निळा ३१ वर. तरंगलांबी आता पाकिटावरून घ्यायची गरज नाही. डीव्हीडी वापरू नका, तिच्या रेघा ०.७४ मायक्रोमीटरवर असतात, कोन इतका मोठा होतो की पट्टी पुरत नाही.

मेघकोष्ठ (क्लाउड चेंबर), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणारी पेटी, दाखवायचा की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. मी दाखवते. मासे ठेवायची काचेची छोटी पेटी, तळाच्या आतल्या बाजूला फेल्टची पट्टी चिकटवलेली, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाजायचं, पेटी काळ्या पत्र्यावर उलटी ठेवायची आणि पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८ अंश, तेव्हा जाड हातमोजे, उघड्या खिडक्या, आणि वाहतुकीचा थर्मोकोलचा डबा कधीही घट्ट बंद करायचा नाही, आत वायू साठून फुटतो. आसपास आगपेटी नको. ड्राय आइस महापे-रबाळे बाजूच्या औद्योगिक वायू विकणाऱ्यांकडे चौकशी करून आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्याच सकाळी आणा. आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. पाऊण तास तीस माणसं आळीपाळीने पेटीत डोकावून नुसतं धुकं बघत होती. पत्रा आणि काचेच्या मधून हवा जात होती. एका बाईंनी पर्समधून मुलाची खेळायची माती काढली, फट बुजवली, पंखा बंद केला. दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडलं.

बारीक, सरळ, लांब रेघ म्हणजे बहुधा म्यूऑन, अवकाशातून येणारे किरण वरच्या हवेवर आदळून जन्मणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण. आखूड, जाड, तुऱ्यासारखी म्हणजे अल्फा कण, हवेतल्या रेडॉनमधून आलेला. वेडीवाकडी म्हणजे कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. तळहात पसरा, सेकंदाला एखाददुसरा त्यातून आरपार जातोय.

इथेच सापेक्षता येते. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात ६६० मीटर. तो जन्मतो साधारण १५ किलोमीटर उंचीवर. हिशोब केला तर सातशे कोटींहून जास्त म्यूऑनांत एखादा जमिनीवर पोचायला हवा. पण प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने दहापट हळू चालतं, आणि मग दहातला एक पोचतो. नुकतीच पेटीत दिसलेली रेघ त्या दहातली एक. वेगवान कणाचं आयुष्य असं लांबलेलं दिसेल आणि त्यातून सापेक्षतेची परीक्षा होईल, हे १९३८ साली ‘नेचर’मधल्या टिपणात सुचवलं होतं होमी भाभांनी. त्यांच्या नावाचं विज्ञान शिक्षण केंद्र वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला आहे. शिक्षकांना भाभा म्हणजे अणुभट्टी आणि विमान अपघात एवढंच माहीत असतं.

किरणोत्साराबद्दल एक तास वेगळा ठेवा आणि त्यात प्रयोग कमी, बोलणं जास्त. पालकांचे, मुलांचे, शेजाऱ्यांचे प्रश्न शिक्षकांकडेच येतात. मोबाइल टॉवरचं रेडिएशन, मायक्रोवेव्हचं रेडिएशन, अणुभट्टीचं रेडिएशन, सगळं एका पिशवीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकांना मी सांगते, तुमच्याकडे इथे दोन शब्द आहेत ते वापरा. प्रारण म्हणजे ऊर्जा पसरणं, त्यात चुलीची धगही आली. किरणोत्सार अणूच्या केंद्रकातून येतो. इंग्रजी माध्यमाचे सहकारी हे ऐकून दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतात, आणि आम्ही जरा सुखावतो.

मग आंबा. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचं संकुल आहे, तिथे २००० सालापासून मसाल्यांवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची प्रक्रिया होते. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर २००७ पासून अशी प्रक्रिया करतात, ती लासलगावला सुरू झाली. ‘मग तो आंबा किरणोत्सारी होत नाही का?’ हा प्रश्न नेरुळपासून मुरबाडपर्यंत प्रत्येक ठिकाणी आलाय. उत्तर नाही असं आहे, पण का ते सांगता आलं पाहिजे. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ती किडीच्या पेशी मोडायला पुरते, आंब्यातल्या अणूंची केंद्रकं बदलायला पुरत नाही. टॉर्चच्या उजेडात ठेवलेला आंबा टॉर्च होत नाही, असं एक सर वर्गात सांगतात. दुसरीकडे मुरबाडच्या एका शिक्षकांनी शेतातलं लाल पोटॅश खत पुडीत आणलं होतं. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर उसना आणला होता, तो त्याच्याजवळ धरला तर टिकटिक स्पष्ट वाढली. कारण त्यातलं किरणोत्सारी पोटॅशियम-४०. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. ते त्या खतात आहे, केळ्यात आहे, आपल्या अंगातही आहे. खोली एकदम शांत झाली आणि मग हसली.

कोणाला बोलवावं? मानखुर्दच्या केंद्राकडे आधी विचारा. शिक्षकांसाठी काम करणं हाच त्यांचा धंदा, १९७४ पासून. दुसरा खजिना म्हणजे नवी मुंबईत राहणारे निवृत्त शास्त्रज्ञ. माणसं मोठी आणि साधी, रिक्षाने येतात, मानधन घेत नाहीत. पण त्यांच्या हाती माइक दिलात की एकशेवीस स्लाइड्स. मी त्यांना व्यासपीठावर बसवत नाही, एकेका गटाच्या टेबलाशी खुर्ची देते. एका आजोबांनी अख्खी दुपार मल्टिमीटरची तार धरून काढली आणि जाताना म्हणाले, पुढच्या वेळी कधी? संस्थांच्या भेटी ठरवायच्या असतील तर, ब्रिट असो की प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार करणारं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परवानगीला महिने लागतात. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र असल्याशिवाय मुख्याध्यापक सोडत नाहीत, आणि ते पत्र ऐन वेळी मिळत नाही. प्रमाणपत्रावर तास स्पष्ट लिहा. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, त्यात ते धरता यावेत. प्रमाणपत्र फक्त दुसऱ्या शनिवारी द्या. खर्च, जेवणखाण सोडून, सहा गटांसाठी पाचएक हजारांत बसतो. त्यातला मोठा भाग मल्टिमीटर आणि ड्राय आइस. जेवणाचा खर्च त्याहून जास्त येईल, त्यात कंजुषी करू नका.

राहिले चिंचोके. हे पहिल्या दिवशी शेवटच्या तासाला. अर्धायुष्य शिकवायला नाणी उडवायची पद्धत सगळीकडे आहे. मी अष्टाचंग्याचे फोडलेले चिंचोके घेते, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. शंभर चिंचोके डब्यात हलवून टाकायचे, पांढरे वर पडलेले ‘फुटले’ समजून बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. आमच्या एका फेरीचे आकडे: १००, ५७, ३४, १९, ११, ७, ४. दर फेरीला सुमारे ५८ टक्के उरतात, कारण चिंचोक्याची पांढरी बाजू निम्म्यापेक्षा जरा कमी वेळा वर येते. म्हणजे अर्धायुष्य एक फेरी नाही, सव्वा फेरीच्या थोडं वर. नाण्यात ही मजा नाही, तिथे उत्तर आधीच माहीत असतं.

शिक्षकांनी हे आपल्या वर्गात करायचं, आकडे वहीत लिहून दुसऱ्या शनिवारी आणायचे. व्हॉट्सॅप गट करा, पण नियम ठेवा की तिथे नोंदवहीच्या फोटोशिवाय काही टाकायचं नाही, नाहीतर आठवड्यात सुप्रभात सुरू होतं. एका वर्षी नऊ शाळांचे आकडे आले. आठ शाळांचे आलेख एकमेकांना चिकटून, थोडे खालीवर. नवव्या शाळेचा तक्ता सुंदर अक्षरात: १००, ५०, २५, १२, ६, ३. मी काहीच बोलले नाही, तो आलेखही बाकीच्यांच्या शेजारी काढला. खोलीतले सगळे आलेखाकडे बघत होते. ते सर स्वतःच उठले, हसले, म्हणाले, ‘मॅडम, उत्तर माहीत होतं ना.’ मग खाली बसले आणि डब्यातले चिंचोके काढून टाकायला लागले. त्यांचे आले १००, ६१, ३३, २०. ते तिथेच थांबले, कारण जेवायची वेळ झाली होती.

तुमची कार्यशाळा दिवाळीनंतर असेल तर चिंचोके आत्तापासून जमवा. सहा गटांना सहाशे अर्धे, म्हणजे तीनशे चिंचोके लागतील, आणि फोडताना वाया जातात ते वेगळे. किराणावाल्याकडे सांगून ठेवा. बोटावर हातोडी बसते, तेव्हा चिंचोका पक्कडीत धरा. अर्धे बाजूला काढून कडक उन्हात दोन दिवस घाला आणि मगच डब्यात भरा, आमच्या मागच्या वर्षीच्या डब्यात भुंगे झाले होते.